खताचा ढीग सहा तासांत कुजत नाही: सामुदायिक शिक्षण केंद्रांचे अनुदान ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सामुदायिक शिक्षण केंद्रांना अनुदान देणारे अधिकारी, केंद्रांचे विश्वस्त आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

सादर नमस्कार.

अनुदानाची नवी नियमावली आमच्या हाती आली आहे. तीत लिहिले आहे की यापुढे अनुदान माणशी मिळेल, एक कार्यशाळा सहा तासांची धरली जाईल, आणि हत्यारे, सुटे भाग, देखभाल व देखरेख करणाऱ्याचे मानधन हा सगळा ‘आवर्ती खर्च’ म्हणून अमान्य राहील. पर्यावरणाचे उपक्रम एका विभागाकडे आणि छोट्या धंद्यांना मदत दुसऱ्या विभागाकडे, ही जुनी वाटणीही तशीच ठेवली आहे.

आम्ही अशा केंद्रांत शिकवणारे लोक आहोत. आमच्यापैकी कोणी खत करायला शिकवतो, कोणी दुरुस्तीचे टेबल सांभाळतो, कोणी छोट्या व्यावसायिकांचे हिशेब बसवून देतो. ही नियमावली लागू झाली तर हजेरीपट भरतील, पण हातात काम घेऊन बाहेर पडणारे लोक कमी होतील. हे पत्र आपल्याला उद्देशून असले तरी जाहीर लिहीत आहोत, कारण केंद्र ज्यांच्यासाठी आहे त्यांनाही यातला हिशेब कळायला हवा. युनेस्कोने १९९८ मध्ये आशिया-पॅसिफिक भागात या केंद्रांचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा कल्पनाच अशी होती की शाळेच्या चौकटीबाहेरची ही जागा स्थानिक लोकांनी उभी करावी आणि त्यांनीच चालवावी. जपानमध्ये तर कोमिनकान नावाची अशी केंद्रे १९४६ पासून आहेत.

सुरुवात खतापासून करतो. हरित उपक्रम म्हटला की बहुतेक केंद्रांत पहिल्यांदा तोच होतो, आणि फसतोही तोच.

ढीग किमान एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच हवा. त्याहून लहान ढिगात ऊब टिकत नाही. एक बादली ओल्या कचऱ्याला दोन ते तीन बादल्या वाळका पालापाचोळा घातला की कार्बन आणि नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असे बसते. जाड देठ, फांद्या दोन ते पाच सेंटिमीटरपर्यंत तोडून घ्यायच्या. ओल बघायला यंत्र लागत नाही. मूठभर मिश्रण घ्यायचे आणि घट्ट दाबायचे. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर पाणी जास्त झाले आहे, आणि मूठ उघडताच गोळा भसकन सुटला तर पाणी शिंपडायला हवे.

सगळे जुळून आले की दोन-चार दिवसांत ढिगाचे पोट तापते. रोगजंतू आणि तणाचे बी मारायला ५५ अंश सेल्सिअसची उष्णता लागते, आणि तीही टिकून राहावी लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सांडपाण्याच्या गाळाचे खत ओळीने रचून करणाऱ्यांसाठी दंडक घातला आहे: ५५ अंशांवर १५ दिवस आणि त्या काळात पाच वेळा पालटणे. घरगुती कचऱ्याच्या ढिगालाही हाच मापदंड धरला तर चूक होत नाही. त्यासाठी अर्धा मीटर लांब दांडीचा थर्मामीटर लागतो. वरवर हात लावून पोटातली उष्णता कळत नाही.

आता बिघाड बघा. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ओला कचरा जास्त झाला आहे, पालापाचोळा मिसळून ढीग पालटायचा. नासक्या अंड्यासारखा वास आला तर पोटात हवा पोहोचत नाही. अशा वेळी नुसता पालापाचोळा पुरत नाही, तो ओला होऊन पुन्हा दबतो. काटक्या, जाड देठ असे काहीतरी घालावे लागते, म्हणजे आत पोकळी राहते. ढीग तापलाच नाही तर तो लहान आहे किंवा कोरडा आहे. आणि ६५-७० अंशांच्या वर गेला तर ज्या जीवाणूंच्या जोरावर काम चालले आहे तेच मरू लागतात, तेव्हा ताबडतोब पालटायचा.

यातला एकही बिघाड पहिल्या दिवशी दिसत नाही. तो चौथ्या दिवशी दिसतो, दहाव्या दिवशी दिसतो, जोराच्या पावसानंतर दिसतो. सहा तासांच्या कार्यशाळेत लोक ढीग रचतात, फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळते आणि गाडी निघून जाते. पुढे घरी केलेल्या ढिगाला वास सुटतो, शेजारी तक्रार करतात, माणूस ढीग उपसून टाकतो आणि खताला वास येतोच अशी समजूत त्या वस्तीत पक्की बसते. मग दुसऱ्या वर्षी तिथे कोणी कार्यशाळेला फिरकत नाही. ज्या वस्तीत कधीच काही शिकवले नव्हते, तिथे काम सुरू करणे यापेक्षा सोपे जाते. ही आमची पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे. ढीग आठ आठवडे तापतो आणि कुजतो, नंतर निदान चार आठवडे मुरतो. खत १२ आठवड्यांचे आहे, शिकवणेही १२ आठवड्यांचे हवे. रोज सहा तास कोणी मागत नाही. आठवड्यातून दोन वेळा दीड-दीड तास पुरतो.

मुरण्याचे चार आठवडे तर बहुतेक अभ्यासक्रमांत नसतातच. खत काळे, भुसभुशीत दिसले की झाले असे शिकवले जाते. कच्चे खत पिशवीत भरले की ते आत पुन्हा तापते, आंबते आणि झाडाला घातले की मुळे मार खातात. त्याची परीक्षा अगदी सोपी आहे. ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवायचे आणि उघडून वास घ्यायचा. आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर अजून मुरायचे आहे. दुसरी परीक्षा मुळ्याच्या बियांची. २० बिया खत मिसळलेल्या मातीत, २० साध्या मातीत लावायच्या आणि आठवड्याने दोन्हीकडचे कोंब मोजायचे. खताच्या बाजूला स्पष्ट कमी उगवले तर ते खत विकायचे नाही.

‘विकायचे नाही’ हे शब्द मुद्दाम लिहिले, कारण दुसरी तक्रार विक्रीची आहे.

खत शिकवणारा विभाग खत विकायला शिकवत नाही आणि धंदा शिकवणाऱ्या विभागाला खत ठाऊक नसते. धंद्याच्या वर्गात ना नफा ना तोटा बिंदू काढायला शिकवतात: महिन्याचा बांधील खर्च भागिले एका नगामागे सुटणारी रक्कम. समजा बांधील खर्च ६,००० आहे आणि दहा किलोच्या एका पिशवीमागे पिशवी, वाहतूक वगैरे सरळ खर्च जाऊन ४० सुटतात. चलन कोणतेही घ्या, उत्तर १५० पिशव्या येते. वर्ग इथे संपतो. खरा हिशेब मात्र इथून सुरू होतो.

१५० पिशव्या म्हणजे १,५०० किलो तयार खत. एक घनमीटरच्या ताज्या ढिगाचे वजन ५०० किलोच्या आसपास धरा. कुजताना वजन निम्म्याहून अधिक घटते, तेव्हा हाती २०० किलो येईल असे समजू. म्हणजे दर महिन्याला आठ ढीग नव्याने रचायला हवेत. प्रत्येक ढीग आठ आठवडे तापत-कुजत राहणार, म्हणून कुठल्याही दिवशी १६ ढीग तसे उभे असणार. मुरताना दोन ढिगांचा एक करता येतो, तेव्हा आणखी चार. असे २० ढीग झाले, आणि पालटायला प्रत्येक दोन-तीन ढिगांमागे एक रिकामी जागा सोडावी लागते. शिवाय १६ ढीग आठवड्यातून एकदा पालटायचे म्हणजे काही टन माल फावड्याने हलवायचा. ते एका माणसाचे काम नव्हे. दुसरा माणूस घेतला की बांधील खर्च ६,००० राहत नाही आणि १५० पिशव्यांचा आकडाही खोटा ठरतो. पुन्हा नव्याने मांडावे लागते. कदाचित उत्तर असे येईल की एकट्याने हा धंदा करू नये, चौघांनी मिळून करावा. कदाचित असे येईल की खताऐवजी रोपे विकावीत आणि खत फक्त रोपांपुरते करावे. हे उत्तर जागा, पैसे आणि पाठ मोडण्याआधी मिळाले तर त्याला शिक्षण म्हणता येईल.

पिशवीवर वजन लिहावे की लिटर, हा प्रश्नही या दोन विभागांच्या मधे पडून राहतो. खतात पाणी असते आणि पिशवी ठेवल्या ठेवल्या वाळते. दहा किलो म्हणून भरलेली पिशवी दीड महिन्याने साडेनऊ भरते आणि गिऱ्हाईक माप मारल्याचा आरोप करते. अनेक देशांत कुंडीचे मिश्रण लिटरमध्ये विकतात ते याच कारणाने. हे सांगायला पाच मिनिटे पुरतात, पण ती पाच मिनिटे कोणाच्याच वेळापत्रकात नाहीत.

तिसरी तक्रार दुरुस्तीच्या टेबलाची आणि देखभालीची आहे. मार्टिने पोस्त्मा यांनी २००९ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये पहिला रिपेअर कॅफे भरवला आणि ती पद्धत देशोदेशी गेली, कारण तिला फार काही लागत नाही: टेबल, प्रकाश, हत्यारे, जाणकार माणूस आणि वस्तू घेऊन आलेला माणूस शेजारी बसून बघणार एवढीच अट. गरज किती आहे ते संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यांतून दिसते. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या २२.३ टक्क्यांचेच रीतसर संकलन व पुनर्वापर झाल्याची नोंद आहे.

नव्या नियमांत सुटे भाग अमान्य आहेत. एक पंखा घेऊ. हळू फिरतो आहे. प्लग काढायचा, उघडण्याआधी फोटो काढायचा, स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने कागदावर ठेवायचे. कंडेन्सर म्हणजे पंख्यातला वीज साठवणारा भाग. त्याच्या दोन टोकांना रोधक लावून आतली वीज आधी उतरवून घ्यायची, कारण ती साठून राहू शकते. मग त्याची क्षमता मल्टिमीटरवर मोजायची. अंगावर २.५ मायक्रोफॅरड लिहिले आहे आणि मीटर १.६ दाखवतो, म्हणजे कंडेन्सर कमजोर झाला आहे. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा नवा घातला की पंखा पहिल्यासारखा फिरतो. काम २० मिनिटांचे. पण कपाटात नवा कंडेन्सर नसेल तर हे २० मिनिटांचे शिकणे पुढच्या आठवड्यावर जाते, माणूस पंखा परत घेऊन जातो आणि बहुधा फेकून देतो. सुटा भाग हा इथे शाळेतल्या खडूसारखा आहे.

आणि सुरक्षिततेच्या चाचण्यांना कोणत्याही कारणाने कात्री लावू नका. धातूचे अंग असलेली वस्तू दुरुस्त झाली की प्लगच्या अर्थिंग पिनेपासून अंगापर्यंतचा रोध मोजायचा. वायरचा स्वतःचा रोध सोडून तो ०.१ ओहमच्या आत हवा. मग ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासायचे. तिथे निदान एक मेगाओहम हवा. पहिल्यांदा चालू करताना वस्तू ३० मिलिअँपिअरवर सुटणाऱ्या आरसीडीमधूनच (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण) लावायची. मायक्रोवेव्ह केंद्रात उघडायचाच नाही, त्याच्या कंडेन्सरमध्ये हजारो व्होल्ट असतात. फुगलेली लिथियम बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही. कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात ठेवून इमारतीबाहेर न्यायची. इन्सुलेशन टेस्टर ही ‘एकदाच खरेदी’ नव्हे, तो ठरावीक काळाने तपासून घ्यावा लागतो. तो खर्च आवर्ती म्हणून नाकारला तर टेबल बंद करणे हाच प्रामाणिक मार्ग उरेल.

या टेबलावरून धंदे उभे राहतात. पण त्यासाठी प्रत्येक वस्तूची नोंद लागते: कंपनी, मॉडेल, बिघाड, काय केले, भाग मिळाला की नाही, वस्तू सुरू झाली की नाही. शंभरेक नोंदी झाल्या की कोणते पाच-सात भाग साठ्यात ठेवायचे हे नव्या दुरुस्तीवाल्याला कळते आणि भांडवल नको त्या मालात अडकत नाही. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक केले, युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. अशा नियमांची मागणी करणाऱ्यांच्या हातात असल्याच नोंदी असाव्या लागतात. आपल्या हजेरीपटात यातला एकही रकाना नाही.

देखभालीबद्दल थोडक्यात, कारण हे सर्वांना दिसते. छतावर सौर पॅनेल आहेत, बॅटऱ्यांत डिस्टिल्ड पाणी घालायला माणूस नाही, प्लेटा उघड्या पडून बॅटऱ्या मेल्या. पावसाचे पाणी धरायची टाकी आहे, पण पहिले गढूळ पाणी बाजूला काढणारा नळ बुजला आहे. १०० चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होते. गळती, बाष्पीभवन धरूनही ८० लिटर हाती लागते. तेवढे पाणी दर पावसात वाहून जाते आणि खाली भिंतीवर ‘पाणी वाचवा’ असे लिहिलेले असते. बंद पडलेला नमुना लोकांना हेच शिकवतो की हे चालत नाही.

चौथी तक्रार आपल्या खरेदीची आहे. केंद्रात शिकून ज्यांनी धंदा काढला त्यांच्याकडून केंद्र काही घेत नाही. निविदेत तीन वर्षांची उलाढाल मागतात, अनामत मागतात, आणि सगळा माल एकाच पुरवठादाराने द्यावा म्हणतात. सहा महिन्यांच्या धंद्याला हे दार बंदच आहे. चुकून ऑर्डर मिळालीच तर बिल ६० दिवसांनी निघते. खतवाल्याचे गणित पुन्हा बघा. ८४ दिवस माल तयार व्हायला, १४ दिवस साठ्यात, ६० दिवस उधारीत: एका ढिगात घातलेला पैसा १५८ दिवसांनी परत येतो. महिन्याला नवा माल लावायचा तर पाच महिन्यांहून अधिक खर्च आधी खिशातून घालायला हवा. हे खेळते भांडवल नसल्यामुळे जो धंदा बसतो त्याला आपण ‘उद्यमशीलतेचा अभाव’ म्हणता, हे आम्हाला मान्य नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार सरकारी यंत्रणांनी देणी साधारणपणे ३० दिवसांत चुकवायची असतात. आपणही तेवढे करू शकता.

आमच्या मागण्या अशा आहेत.

माणशी अनुदान रद्द करा आणि १२ आठवड्यांच्या तुकडीला अनुदान द्या, एका तुकडीत १५ पेक्षा जास्त माणसे नकोत. यशाचे माप हजेरी नसावे. एक वर्षाने किती ढीग चालू आहेत, किती जण दुरुस्तीची किंवा विक्रीची कामे करत आहेत, हे प्रत्यक्ष जाऊन मोजा. फसलेल्या कामाची कारणेही अहवालात लिहू द्या आणि त्यासाठी अनुदान कापू नका. ती कारणे लपवावी लागतात म्हणून प्रत्येक केंद्र तीच चूक नव्याने करते.

हत्यारांच्या खरेदी किमतीच्या निदान १५ टक्के रक्कम दरवर्षी देखभाल, सुटे भाग आणि मीटरांच्या तपासणीसाठी वेगळी ठेवा. देखरेख करणाऱ्या एका माणसाला नियमित मानधन द्या. हा एक माणूस नसला तर वरचे काहीही होत नाही.

पर्यावरण आणि व्यवसाय यांचे वर्ग एकत्र करा. प्रत्येक तुकडीत करायला शिकवणारा आणि हिशेब शिकवणारा एकाच खोलीत, एकाच दिवशी हवेत, आणि हिशेब त्याच आठवड्यात तयार झालेल्या मालावर मांडलेला हवा.

खरेदीचे लहान भाग पाडा, नव्या धंद्यांना उलाढालीची आणि अनामतीची अट लावू नका, बिल ३० दिवसांत द्या. केंद्राचा पैसा वस्तीत किती फिरतो तेही मोजा. लंडनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशनची एलएम३ ही पद्धत त्यासाठी पुरेशी आहे. केंद्राकडे १०० आले, त्यातले ६० त्याने स्थानिक लोकांना दिले, त्यांनी त्यातले ३० पुन्हा स्थानिक लोकांकडेच खर्च केले, तर तिन्हींची बेरीज १९०, भागिले १०० म्हणजे १.९. आकडा वर्षातून एकदा काढा आणि दारावर लावा.

आणि नियमावली अंतिम करण्याआधी समितीतल्या दोघा-तिघांनी एका ढिगाबरोबर १२ आठवडे काढावेत. रचण्याच्या दिवशी, चौथ्या दिवशी, पहिल्यांदा पालटताना, मुरत घालताना आणि पिशवी भरताना, अशा पाच फेऱ्या पुरतील. थर्मामीटर आणि फावडे आमच्याकडे आहे. तारीख आपण कळवावी, कचरा आणि पालापाचोळा आम्ही गोळा करून ठेवतो.

आपले,
केंद्रांत शिकवणारे, दुरुस्ती करणारे आणि हिशेब बसवून देणारे